फास्ट चार्जिंगच्या पावतीत काय काय असते

घरच्या मीटरवर वीज ज्या दराने पडते, त्याच्या दुप्पट-तिप्पट दर इलेक्ट्रिक गाडीच्या फास्ट चार्जरवर का, असे आम्हा चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यांना जवळजवळ रोज कोणीतरी विचारते. प्रश्न रास्त आहे. वीज तीच, मग गाडीत जाताना ती महाग का होते? या पत्रकात त्याचे उत्तर आहे, आणि हा खर्च तुमच्या हातात कितपत आहे तेही आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. युनिटचा दर आम्ही ठरवतो, पण किलोमीटरमागे तुम्हाला किती पडले हे बरेचसे तुम्ही गन (चार्जरच्या केबलचे गाडीत लावायचे टोक) कधी लावता आणि कधी काढता यावर ठरते.

दर नेमका कशाचा?

घरातला १६ अँपिअरचा सॉकेट साधारण ३.३ किलोवॉट देतो, म्हणजे तासाला ३.३ युनिट. भिंतीवर बसवलेला सिंगल फेजचा एसी (घरी येते त्या प्रत्यावर्ती विजेचा) चार्जर ७ किलोवॉटच्या आसपास देतो. या दोन्हींत एसीची डीसी (बॅटरीला लागणारी एकदिश वीज) करण्याचे काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. म्हणजे ते यंत्र तुम्ही गाडीच्या किमतीतच विकत घेतलेले असते. फास्ट चार्जरमध्ये हेच काम बाहेरच्या कपाटात होते आणि डीसी वीज थेट बॅटरीत जाते. ते कपाट ३० किलोवॉटचे असते, ६० चे असते, १२० किंवा त्याहून मोठेही असते. त्यातले एसीची डीसी करणारे पॉवर मॉड्यूल, ते गार ठेवणारे पंखे, जाड तांब्याची केबल, मागचे रोहित्र, जागेचे भाडे, पैसे भरण्याच्या यंत्रणेचे कमिशन, बिघाड झाला की येणारा तंत्रज्ञ हे सगळे युनिटच्या दरातूनच भागवायचे असते. एसीची डीसी होताना साधारण ४ ते ८ टक्के वीज उष्णतेत जाते, तिचेही पैसे वीज कंपनीला भरावे लागतात. गाडी नसतानाही स्क्रीन, मोडेम आणि कंट्रोलर चालूच असतात.

पण बाहेरून न दिसणारा मोठा भाग वेगळाच आहे. मोठा भार घेणाऱ्या ग्राहकाकडून वीज कंपन्या सहसा दोन प्रकारे पैसे घेतात. एक, किती युनिट वापरले त्याचे. दुसरे, एका वेळी जास्तीत जास्त किती भार खेचला त्याचे. हा मागणी आकार महिन्यातल्या सर्वाधिक वापराच्या १५ किंवा ३० मिनिटांवरून काढला जातो. महिनाभरात एकाच गाडीने अर्धा तास ६० किलोवॉट खेचले, तरी आकार ६० किलोवॉटचाच लागतो, मग उरलेला महिना चार्जर रिकामा का असेना. काही ठिकाणी चार्जिंग स्टेशनांना यातून सूट मिळते, आणि तिथला दर लगेच उतरलेला दिसतो.

आता चार्जर किती चालतो ते पाहा. ६० किलोवॉटचा चार्जर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १,४४० युनिट देईल. असे कुठेच होत नाही. तो क्षमतेच्या ५ टक्के चालला तर ७२ युनिट विकले जातात, १५ टक्के चालला तर २१६. भाडे, हप्ता, मागणी आकार दोन्हीकडे जवळपास तेवढाच. म्हणजे युनिटमागचा स्थिर खर्च पहिल्या ठिकाणी दुसऱ्याच्या तिप्पट. हमरस्त्यावर रांग लागणाऱ्या स्टेशनला जो दर परवडतो तो आडवाटेच्या स्टेशनला का परवडत नाही, ते यावरून कळेल. आडवाटेचा चार्जर महाग असला तरी तो तिथे असणे ही तुमची सोय आहे, असे आम्हाला वाटते. अर्थात आमचा त्यात स्वार्थ आहे, हे लक्षात ठेवूनच हे वाक्य वाचा.

शेवटचे २० टक्के

ग्राहकांचे सर्वांत जास्त पैसे आणि वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना जोरात करंट घेते. भरत आली की तिच्यातल्या घटांचा (सेलचा) व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतो. तिथून पुढे गाडीची बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा करंट कमी कमी करत नेते. तसे केले नाही तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच साचू लागते, आणि त्यात बॅटरीची क्षमता कायमची घटते. बहुतेक गाड्यांत हा उतार ८० टक्क्यांच्या आसपास तीव्र होतो. चार्जरवर १२० लिहिलेले असो की २४०, आदेश गाडीचा चालतो.

एक हिशोब करू. बॅटरी ४० युनिटची आहे असे धरा. २० ते ८० टक्के म्हणजे २४ युनिट. सरासरी ४० किलोवॉटने ते ३६ मिनिटांत भरतात. ८० ते १०० म्हणजे फक्त ८ युनिट, पण सरासरी वेग १५ किलोवॉटवर आला तर त्यांना ३२ मिनिटे लागतात. वेळ जवळजवळ तेवढाच आणि वीज एक तृतीयांश. दर युनिटवर असेल तर या ८ युनिटांचे पैसे वाढत नाहीत, फक्त तुमचा अर्धा तास जातो. दर मिनिटावर असेल तर मात्र पहिल्या टप्प्यात एका युनिटला दीड मिनिटाचे पैसे आणि दुसऱ्या टप्प्यात चार मिनिटांचे. म्हणून लांबच्या प्रवासात एकदाच १०० टक्के भरण्यापेक्षा दोनदा ७०-८० पर्यंत भरणे बहुधा लवकर होते. पुढचा चार्जर दूर असेल किंवा तो बंद असण्याची शंका असेल, तेव्हा मात्र बिनधास्त वर न्या. टक्क्यांच्या हट्टापायी रस्त्यात अडकू नका.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी असलेल्यांना अनेक उत्पादक अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात, कारण त्याशिवाय गाडीचा उरलेल्या चार्जचा अंदाज चुकत जातो. ते काम घरी रात्री, संथ चार्जरवर करावे. आमच्याकडे त्यासाठी महागडे युनिट घेण्यात काही अर्थ नाही.

चार्जरवरचा आकडा आणि गाडीला मिळणारा वेग

गाडीची मर्यादा ५० किलोवॉट असेल तर १२० किलोवॉटच्या चार्जरवरही ती ५० च घेणार. काही ठिकाणी मोठ्या चार्जरचा दर चढा असतो. तिथे अशा गाडीने ६० चा चार्जर निवडला तर वेळ तेवढाच आणि पैसे कमी. केबलच्या करंटलाही मर्यादा असते. केबल २०० अँपिअरची आणि बॅटरी ३५० व्होल्टची असेल तर फार तर ७० किलोवॉट मिळतील. एकाच कपाटाच्या दोन्ही गनना गाड्या लागल्या असतील तर वीज विभागली जाते. शेजारचे कपाट मोकळे असेल तर तिकडे जा.

बॅटरी फार गार किंवा फार तापलेली असली तरी वेग पडतो. काही गाड्यांत नकाशावर थांबा म्हणून चार्जर निवडला की बॅटरी वाटेतच योग्य तापमानाला आणली जाते. त्यात थोडी वीज खर्च होते. दर मिनिटावर असेल तर ती सहज वसूल होते. दर युनिटवर असेल तर पैसे नाहीत, पण वेळ वाचतो.

दराचे प्रकार, आणि फलकावर बारीक अक्षरात काय पाहावे

आम्ही युनिटवर दर लावतो. मिनिटाचा दर आम्हाला पटत नाही, कारण ज्याची गाडी मुळातच संथ चार्ज होते त्याला तो दंड ठरतो. मात्र ९५ टक्क्यांवर तासभर जागा अडवणाऱ्या गाडीला उठवायला तोच दर उपयोगी पडतो, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी आमच्याकडे थांबा आकार आहे. चार्जिंग पूर्ण झाल्यावर १० मिनिटे सवलत, त्यानंतर गन लावून ठेवल्याचे पैसे. हा आकार कोणी भरलाच नाही तर आम्हाला आनंदच होईल.

काही स्टेशनांवर दर वेळी ठरावीक सेशन आकारही (एकदा गन लावून काढेपर्यंतच्या चार्जिंगचा आकार) लागतो. पाच युनिट घेतले काय आणि तीस घेतले काय, तो तेवढाच. तिथे थोडे थोडे भरण्यापेक्षा एकदाच पुरेसे भरावे. दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून चार्जर चालू केला तर मधल्या कंपनीचा वाटा दरात मिसळलेला असू शकतो, म्हणून जमेल तिथे स्टेशनच्या मालकाच्याच ॲपमधला दर एकदा पाहावा. दाखवलेला दर करासह आहे की कर वेगळा, हेही पाहावे. वेळेनुसार दर बदलत असेल तर कधी कधी अर्धा तास उशिरा गन लावणे हीच सर्वांत सोपी बचत असते.

वॉलेटबद्दल (ॲपमध्ये आगाऊ भरून ठेवलेल्या पैशांबद्दल) एवढेच, की लागेल तेवढीच रक्कम ठेवा. सुरुवातीला खात्यात काही रक्कम अडकवून ठेवली जाते आणि हिशोब झाल्यावर उरलेली सुटते. ते दोनदा पैसे कापणे नव्हे.

तुमचा स्वतःचा हिशोब

घरच्या युनिटचा खर्च १ धरा आणि फास्ट चार्जरचा ३. दहातले आठ युनिट घरी आणि दोन बाहेर घेतले, तर सरासरी पडते १.४. निम्मे-निम्मे केले तर २. सगळेच बाहेर घेतले तर ३. म्हणजे क्वचित प्रवासात घेतलेल्या महाग युनिटाने वर्षाचे गणित कोलमडत नाही. ज्यांना घरी चार्जिंगची सोयच नाही, त्यांच्यासाठी मात्र हा प्रश्न खरा आहे. त्यांना आमचा सल्ला: गाडी तासन्‌तास उभी राहते अशा जागी, कामाच्या ठिकाणी किंवा वाहनतळावर, एसी चार्जर मिळतो का ते आधी पाहा. तिथला दर सहसा कमी असतो. यात आमचे गिऱ्हाईक जाते, पण रोज फास्ट चार्जरवरच चालणारी गाडी तुमच्या खिशाला सोसणार नाही आणि बॅटरीलाही उगाच जास्त ताप होईल.

पेट्रोलशी तुलना करायची तर तीही आपल्याच आकड्यांनी करा. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि तुमची इलेक्ट्रिक गाडी युनिटला ६, असे असेल तर एक युनिट ०.४ लिटरचे काम करते. फास्ट चार्जरचा दर लिटरच्या भावाच्या ४० टक्क्यांच्या खाली आहे तोवर इंधनाच्या खर्चात तुम्ही फायद्यात आहात. त्याच्या वर गेला तर तेवढ्या प्रवासापुरते नाही.

वेगाचेही बघा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. सपाट मोठ्या रस्त्यावर वेग थोडा उतरवला तर पुढच्या थांब्यावर कमी युनिट लागतात, आणि तेही नेमके महागातले.

पावती आणि गाडीचा पडदा जुळत नाही तेव्हा

चार्जरने २४ युनिट दाखवले आणि गाडीत २२ च गेले, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीतच. चार्जिंग चालू असताना बॅटरी गार ठेवणारा पंप आणि कॉम्प्रेसर गनमधूनच वीज घेतात. तुम्ही आत गाडीचा गारवा (एअर कंडिशनर) लावून बसलात तर तोही घेतो. बॅटरीच्या आतही थोडी उष्णता होते. शिवाय गाडीतली टक्केवारी हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. मीटर कुठे बसवला आहे यानेही फरक पडतो. तो गनच्या बाजूला असेल तर फक्त डीसी मोजली जाते. कपाटात येणाऱ्या एसी विजेवर असेल तर कपाटात उष्णतेत गेलेली वीजही तुमच्या पावतीत येते. आमचे मीटर गनच्या बाजूला आहेत. इतरत्र जाल तेव्हा हे जरूर विचारा.

फरक एक-दीड युनिटापेक्षा बराच मोठा वाटला किंवा चार्जिंग मध्येच तुटून पैसे कापले गेले, तर निघण्यापूर्वी चार्जरच्या पडद्याचा आणि गाडीच्या पडद्याचा एकेक फोटो काढा आणि पावतीवरचा सेशन क्रमांक आम्हाला पाठवा. मीटरची नोंद त्याच क्रमांकाने सापडते, आणि पैसे परत द्यायचे असतील तर ते वॉलेटमध्ये न ठेवता ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातात.