कर्तृस्वातंत्र्य

‘ही कृती मी ठरवून केली, मनात आणले असते तर टाळताही आली असती’ असे ज्याला आपल्या कृतीविषयी खरेपणाने म्हणता येते, त्याच्या ठायी कर्तृस्वातंत्र्य आहे असे मानतात. इच्छास्वातंत्र्य व संकल्पस्वातंत्र्य या संज्ञाही रूढ आहेत. पण भारतीय चर्चा इच्छेपेक्षा कर्त्याभोवती फिरत असल्याने येथे ही संज्ञा घेतली आहे.

तिचा उगम सहसा पाणिनीच्या ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) या सूत्रात शोधला जातो. पाणिनीचा काळ बहुधा इ. स. पू. पाचवे ते चौथे शतक. सूत्रातील ‘स्वतंत्र’ शब्दाचा अर्थ मात्र वाटतो तितका सरळ नाही. पाणिनीच्या सूत्रांवरील महाभाष्यात पतंजली शंका काढतो : ज्याचे स्वतःचे तंत्र, म्हणजे माग, तो स्वतंत्र असे धरले, तर कर्ता म्हणजे केवळ विणकर ठरेल. म्हणून तो ‘तंत्र’ शब्दाचा ‘प्राधान्य’ हा अर्थ स्वीकारतो. (गिरणगावातल्या विणकराला पहिला अर्थही लागू पडला नसता; गिरणीतला माग मालकाचा असे.) क्रियेत जो प्रधान तो कर्ता, आणि प्रधान कोण हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय सांगायचे आहे यावर, अवलंबून. ‘देवदत्तः पचति’ जसे चालते, तसे ‘स्थाली पचति’, म्हणजे भांडे शिजवते, हेही चालते. पुढच्याच सूत्राने करवून घेणाऱ्यालाही कर्ता म्हटले आहे. त्यामुळे या सूत्रात नीतिशास्त्र वाचण्यापेक्षा ती भाषेची व्यवस्था मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ यांतला फरक याच जातीचा.

जीव कर्ता नसेल तर शास्त्राचे विधिनिषेध व्यर्थ होतील, असे वेदान्ताचा आधारग्रंथ ब्रह्मसूत्र (२.३.३३) सांगतो, पुढे (२.३.४१) तेच कर्तृत्व परमेश्वराकडून आलेले ठरते. गीतेत कृष्णाने अर्जुनाला सांगितलेल्या ‘अवश होऊनही तेच करशील’ (१८.६०) यानंतर तीनच श्लोकांनी ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे तुला हवे तसे कर, हे येते. सर्व काही नियतीने आधीच ठरलेले असते असे मानणाऱ्या आजीवक पंथाच्या मक्खली गोसालाचे मत प्रामुख्याने बौद्ध व जैन विरोधकांच्या ग्रंथांतून कळते.

मुंबई उच्च न्यायालयात २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने दोषी ठरवल्यावर लोकमान्य टिळकांनी, माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य चालवणाऱ्या श्रेष्ठतर शक्ती आहेत, असे उद्गार काढले. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कर्माची सत्ता दृश्य सृष्टीपुरती, आत्मा तिच्या पलीकडचा, हा तेथील युक्तिवाद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रोख वेगळा होता. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला : गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, हाच त्यामागचा हेतू त्यांना दिसला.

कायद्यात हा प्रश्न वेळेच्या हिशेबाने येतो. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने आत्मसंयमन गमावलेल्याने केलेला मनुष्यवध खून ठरत नसे. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार केल्याबद्दल नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर झालेल्या खटल्यात (घटना मुंबई, २७ एप्रिल १९५९) ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निर्णय न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले व तेथे शिक्षा झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपीच्याच सामाजिक वर्गातील समंजस माणूस त्या परिस्थितीत संयम गमावेल काय, ही कसोटी न्यायालयाने लावली. दुपारी दीडला घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांनी हत्या होईपर्यंतचा अवधी भानावर येण्यास पुरेसा धरला गेला. हा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०१ खाली आहे.