तंजावरचे मराठा राज्य

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, आजच्या तमिळनाडूत, भोसले घराण्याच्या धाकट्या पातीने चालवलेले राज्य (सु. १६७६–१८५५). तंजावर ही चोळांची जुनी राजधानी विजयनगरच्या पडत्या काळात नायक राजांकडे होती. मराठ्यांना येथे नद्यांचे कालवे, देवळांची व्यवस्था, तेलुगू बोलणारा दरबार आणि तमिळ रयत हे सारे तयार मिळाले. यातले त्यांनी फारसे काही मोडले नाही, आणि या राज्याच्या संस्कृतीचा विचार करताना हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

स्थापना : राज्यसंस्थापक व्यंकोजी (एकोजी) हा शहाजीराजे आणि तुकाबाई यांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ. वडिलांची बंगळूरकडील जहागीर त्याच्याकडे होती व तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ मध्ये तंजावर जिंकले. त्या युद्धात तंजावरचा विजयराघव नायक मारला गेला. चोक्कनाथाने आपला भाऊ अळगिरी याला तेथे नेमले. विजयराघवाच्या घराण्यातला म्हणून चेंगमलदास नावाचा मुलगा पुढे करून त्याच्या बाजूच्या लोकांनी, विशेषतः रायसम (चिटणीस) वेंकण्णाने, विजापूरकडे मदत मागितली आणि विजापूरने व्यंकोजीला धाडले.

व्यंकोजीने तंजावर नेमके केव्हा घेतले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. निरनिराळ्या साधनांवरून १६७४, १६७५ आणि १६७६ ही तिन्ही वर्षे सांगितली जातात. बखरींतल्या हकीकतीनुसार अळगिरीला हुसकावल्यावर व्यंकोजीने प्रथम चेंगमलदासाला गादीवर बसवले आणि स्वतः तळ ठोकून राहिला. गादी त्याने घेतली ती नंतर, मोहिमेच्या खर्चाच्या रकमेवरून बेबनाव झाल्यावर. हा क्रम मानला तर तारखांचा घोळ बराचसा सुटतो, कारण काही साधने किल्ला सर झाल्याचे वर्ष देत असावीत आणि काही राज्य हाती आल्याचे. त्यामुळे मराठा सत्तेचा आरंभ १६७५ ची अखेर किंवा १६७६ चा प्रारंभ असा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये कोरवलेले भोसलेवंशचरित्र हा विस्तीर्ण मराठी शिलालेख या बाबतीत जपून वापरावा लागतो. तो घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी आणि गादीचा वाद नुकताच मिटला असताना तयार झाला. घराण्याची स्वतःविषयीची आठवण म्हणून मात्र त्याचे मोल मोठे आहे.

कर्नाटक स्वारीत १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला भेट झाली. वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून ती फिसकटली व व्यंकोजी रातोरात तंजावरला निघून गेला. नंतर लढाई झाली आणि शेवटी समेट झाला. समेटात व्यंकोजीची पत्नी दीपाबाई हिचा हात होता, असे परंपरा सांगते.

राजकीय इतिहास : व्यंकोजीनंतर त्याचे मुलगे शहाजी (१६८४–१७१२), पहिला सरफोजी (१७१२–२८) व तुकोजी ऊर्फ पहिला तुळजा (१७२८–३६) क्रमाने गादीवर आले. पुढची तीनेक वर्षे वारसाकलहात गेली आणि प्रतापसिंह (१७३९–६३) आल्यावर राज्य स्थिरावले. दुसऱ्या तुळजाच्या काळात, १७७३ मध्ये, अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर गिळले. १७७६ मध्ये ते परत मिळाले. तुळजाच्या मृत्यूनंतर (१७८७) त्याने केलेले सरफोजीचे (दुसरा सरफोजी) दत्तकविधान अशास्त्र ठरवून तुळजाचा भाऊ अमरसिंह राजा झाला. दत्तक सरफोजीची बाजू जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झने लावून धरली. पंडितांचा कौल पुन्हा घेण्यात आला आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आला. लगेच पुढल्या वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, एक लाख पगोडे (दक्षिणेतली सोन्याची नाणी) तनखा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. त्याचा मुलगा शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारला आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाई हिने खाजगी मालमत्तेसाठी दिलेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८५९ मध्ये फेटाळला. ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाच्या अखत्यारीतली नाही, असा तो निर्णय.

नाट्य आणि वाङ्‌मय : मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या सांगलीतील ‘सीतास्वयंवर’ (१८४३) या नाटकापासून धरण्याची रीत आहे. तंजावरला शहाजीराजाच्या नावावर असलेली ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आणि इतर मराठी नाटके उजेडात आल्यापासून हा आरंभ दीडशे वर्षे मागे न्यावा, असे काही अभ्यासक म्हणतात. शहाजीची कारकीर्द पाहता ही नाटके सतराव्या शतकाच्या अखेरची किंवा अठराव्याच्या आरंभीची ठरतात. ती स्वतः राजाची की पदरच्या कवींची, हा प्रश्न प्रत्येक नाटकापुरता वेगळा सोडवावा लागेल.

लिखित नाटकाचा विचार केला तर तंजावरचे अग्रस्थान नाकारता येत नाही. परंतु सांगलीची रंगभूमी तंजावरातून निघाली असे दाखवणारा दुवा नाही. दोन्हीकडे सूत्रधार, गणेशस्तवन आणि पदांवर चालणारे कथानक दिसते. याचा उलगडा समान मुळात शोधणे बरे. तंजावरची नाटके तेलुगू यक्षगानाच्या (गाणे-नृत्यावर चालणाऱ्या नाट्यप्रकाराच्या) घडणीची आहेत. ‘दरू’ हा त्यांतला गीतप्रकारही तिकडचाच. भाव्यांनाही प्रेरणा झाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. एकाच दाक्षिणात्य परंपरेला दोन ठिकाणी, दोन काळांत मराठी फांद्या फुटल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या दरबाराचे बहुभाषिकत्व शहाजीच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात सर्वांत स्पष्ट दिसते. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी एकाच रंगमंचावर येतात आणि प्रेक्षकांना त्या समजतात असे नाटककार गृहीत धरतो. शहाजीचे तिरुवारूरच्या त्यागेशावरील (तेथील शिवावरील) ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ तेलुगूत, तर पहिल्या तुळजाचे ‘संगीतसारामृत’ संस्कृतात आहे. प्रतापसिंहाच्या दरबारातील मुद्दुपळनी हिनेही काव्य केले ते तेलुगूत. शहाजीने तिरुविशनल्लूर येथे विद्वानांना अग्रहार (इनाम गाव) दिला (१६९३).

कीर्तन, संगीत, नृत्य : रामदासी संप्रदायाचे मठ तंजावर परिसरात सतराव्या शतकापासून आहेत, भीमस्वामींचा मठ त्यांपैकी प्रसिद्ध. या मठांतून आणि पुढे महाराष्ट्राकडून आलेल्या कीर्तनकारांमुळे मराठी कीर्तन तिकडे रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याला कर्नाटक संगीताची जोड देऊन तमिळ हरिकथेचे (संगीतप्रधान कथाकीर्तनाचे) आजचे रूप घडवले. हरिकथेत आरंभी पंचपदी म्हणतात आणि मधल्या आख्यानात साकी, दिंडी, ओवी, अभंग येतात. मराठी न जाणणारे भागवतरही (हरिकथाकारही) ही वृत्ते त्याच नावांनी गातात.

दुसऱ्या सरफोजीच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे भाऊ होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनी बसवला असे मानतात. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज याच राज्यात, तिरुवैयारूला, राहत होते.

दुसरा सरफोजी : नायककालीन ग्रंथसंग्रहाला त्याने काशीयात्रेत आणि इतरत्र मिळवलेल्या पोथ्यांची व युरोपीय ग्रंथांची भर घालून सरस्वती महाल ग्रंथालयाचे आजचे रूप दिले. १८०५ च्या सुमारास त्याने देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ तेथलेच. जगाचा भूगोल कुरवंजीच्या (भविष्य सांगणाऱ्या कुरव स्त्रीभोवती रचलेल्या तमिळ गेय नाट्यप्रकाराच्या) पदांतून सांगणारे मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’ त्याच्या नावावर आहे. नेत्ररोग्यांची टिपणे त्याने ठेवविली. त्यांत रोग्याचे नाव, लक्षणे आणि उपचार यांच्याबरोबर दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र आहे.

रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे (अन्नछत्रे) आपल्याकडेच राहावीत म्हणून त्याने १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला (दरबारातील प्रतिनिधीला) लिहिलेले पत्र मुळातून वाचण्याजोगे आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत (तेव्हा अस्पृश्य मानलेली जात) प्रत्येक वाटसरूला अन्न मिळते, शिजलेला भात नको असलेल्यास शिधा मिळतो, मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावतात, असे तो सांगतो. राज्य गेले तरी चालेल, ही घंटा थांबू नये, असा त्या पत्राचा सूर आहे. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्याच काळातले.

आहार व बोली : सांबाराचा उगम तंजावरच्या राजवाड्यात, संभाजीराजांच्या नावावरून झाला, या लोकप्रिय कथेला समकालीन पुरावा नाही. पाककृतींची ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ही मराठी पोथी मात्र सरस्वती महालात आहे. तंजावरी मराठी आज तमिळनाडूत व इतरत्र विखुरलेल्या कुटुंबांतून, बहुतांशी घरातच, बोलली जाते. लिहिताना ही कुटुंबे बहुधा तमिळ किंवा इंग्रजी वापरतात. संस्थानचे दप्तर मोडी लिपीत आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातील निवडक कागद तमिळमध्ये भाषांतरित करून छापले आहेत.