जॉन ऑफ गाँटचा कॅस्टीलच्या गादीवरील हक्क : इतिहास आणि पर्यायी इतिहास

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा, लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट (१३४०–९९) याने १३७२ ते १३८८ या काळात कॅस्टील व लेऑनच्या राजपदावर सांगितलेला हक्क. 'तो यशस्वी झाला असता तर?' हा प्रश्न पर्यायी इतिहासात वारंवार विचारला जातो. त्याला बहुधा इंग्लंड व स्पेन एका मुकुटाखाली आले असते असे उत्तर दिले जाते; परंतु वारसाहक्काचा तपशील पाहिल्यास ते टिकत नाही.

कॅस्टीलचा राजा पेद्रो याला त्याचा अनौरस सावत्र भाऊ एन्रिके दे त्रास्तामारा याने मार्च १३६९ मध्ये माँतिएल येथे ठार मारून गादी बळकावली. त्याआधी १३६७ मध्ये नाहेराच्या लढाईत ब्लॅक प्रिन्स एडवर्ड व त्याचा धाकटा भाऊ जॉन हे दोघे पेद्रोच्या बाजूने लढले होते. पेद्रोच्या मागे त्याच्या मुली इंग्रजांच्या आश्रयाला होत्या. त्यांपैकी कॉन्स्तान्सा हिच्याशी जॉनने १३७१ मध्ये विवाह केला आणि पुढच्याच वर्षी पत्नीच्या हक्काने स्वतःला राजा म्हणवून घेत आपल्या ढालीवर कॅस्टीलचा किल्ला व लेऑनचा सिंह ही चिन्हे घातली.

हा हक्क निर्विवाद नव्हता. कॉन्स्तान्साची आई मारिया दे पादिया हिच्याशी आपला गुप्त विवाह झाला होता, असे पेद्रोने तिच्या मृत्यूनंतर जाहीर केले आणि १३६२ मध्ये राज्यसभेकडून (कोर्तेस, म्हणजे कॅस्टीलची प्रतिनिधिसभा) तिच्या मुलांना वारस म्हणून मान्यता मिळवली होती. एन्रिकेचा मुलगा पहिला हुआन याने १३८६ मध्ये सेगोव्हियाच्या राज्यसभेत याहून मूलगामी युक्तिवाद केला. दहाव्या आल्फोन्सोचा थोरला मुलगा फेर्नांदो दे ला सेर्दा वडिलांच्या आधी वारल्यावर धाकट्या सांचोने पुतण्यांना डावलून गादी घेतली होती. तेव्हा सांचोचा वंशज पेद्रो याच्याकडून आलेला हक्क मुळातच सदोष ठरतो. हुआन स्वतः मात्र आईकडून सेर्दा शाखेचा होता. एका अनौरस राजपुत्राच्या मुलाने इतक्या मागे जाऊन औरसतेचा आधार शोधावा, यावरून इंग्रजी दाव्याची धास्ती किती होती हे दिसते.

पोर्तुगालने १३८५ मध्ये अल्जुबारोता येथे कॅस्टीलचा पराभव केल्यावर जॉनला संधी मिळाली. जुलै १३८६ मध्ये तो प्लिमथहून निघाला, ला कोरुन्याजवळ उतरला आणि त्याने सांतियागोसह गॅलिसियाचा मोठा भाग ताब्यात घेतला. पुढील वसंतात पोर्तुगालचा राजा झुआंव याच्यासह त्याने लेऑनमध्ये चढाई केली. हुआनने मैदानात लढाई देण्याचे टाळले, तटबंदीची शहरे राखली आणि धान्य आत नेले. बेनाव्हेंतेसारखी ठाणी दाद देईनात. उपासमार व रोगराईने इंग्रज सैन्य खंगले. जॉनच्या बाजूने कॅस्टीलमध्ये उठाव झाला नाही, हेच अपयशाचे खरे कारण मानावे लागते.

१३८८ च्या बायोनच्या तहानुसार सहा लाख सुवर्ण फ्रँक आणि सालीना चाळीस हजार फ्रँक यांच्या मोबदल्यात जॉन व कॉन्स्तान्सा यांनी हक्क सोडला. त्यांची मुलगी कॅथरीन हुआनच्या मुलाला, पुढील तिसऱ्या एन्रिकेला, देण्यात आली. कॅस्टीलची राणी पहिली इसाबेला ही तिचीच नात. पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी फिलिपा जॉनने १३८७ मध्येच झुआंवला दिली होती. तिचा पणतू, पोर्तुगालचा राजा पहिला मनुएल, याच्या कारकिर्दीत, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा जिंकले.

पर्यायी इतिहासाचा विचार येथून करावा लागतो. कॉन्स्तान्सापासून जॉनला झालेला मुलगा अल्पायुषी ठरला. त्यामुळे लेऑनची मोहीम फत्ते झाली असती तरी आईचे राज्य कॅथरीनकडे गेले असते. जॉनचा मुलगा हेन्री बोलिंगब्रोक (पुढे इंग्लंडचा राजा चौथा हेन्री) हा पहिली पत्नी ब्लांश हिचा असल्याने त्याचा तेथे काहीच संबंध नव्हता. म्हणजे कॅथरीन कॅस्टीलची राणी झालीच असती, फक्त राजाची पत्नी म्हणून न होता स्वतःच्या अधिकाराने. तिचा पती कोण, या प्रश्नावर मात्र पुढच्या पिढ्या बदलल्या असत्या. सरहद्दीवरील कॅस्टीलचा मुलूख देण्याचे वचन जॉनने झुआंवला दिले होते, आणि परक्या सैन्याच्या बळावर आलेल्या राजाने ते पाळणे प्रजेला रुचले नसते.

सागरी बाजू याहून महत्त्वाची आहे. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या कॅस्टीलच्या गलबतांनी १३७२ मध्ये ला रोशेलजवळ इंग्रज आरमार बुडवले आणि १३८० मध्ये फ्रेंचांसह टेम्सच्या मुखाशी ग्रेव्हझेंड जाळले. हे आरमार फ्रान्सच्या हातून गेले असते, तर गास्कनीकडे (नैर्ऋत्य फ्रान्समधील इंग्रजांच्या मुलखाकडे) जाणारा इंग्रजांचा समुद्रमार्ग पुष्कळ सुरक्षित झाला असता. परंतु हा लाभ १३७० च्या दशकात मिळता तर निर्णायक ठरता, कारण १३८९ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्धविराम झालाच.

सर्वांत मोठा फरक कदाचित इंग्लंडमध्येच पडला असता. जॉन स्पेनमध्ये असताना सरदारांनी इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याला नमवले. १३८९ च्या अखेरीस जॉन परतल्यावर राजा आणि सरदार यांच्यातील तणाव काही वर्षे आटोक्यात राहिला. तो कॅस्टीलमध्येच राज्य करीत राहिला असता, तर हा संघर्ष १३९९ पर्यंत लांबणीवर पडला नसता, आणि जॉनच्या मृत्यूनंतर रिचर्डने केलेली, बोलिंगब्रोकला इंग्लंडच्या गादीकडे नेणारी लँकेस्टरच्या जहागिरीची जप्ती त्याच स्वरूपात घडली असती असे म्हणता येत नाही.