शांतिसेना आणि राष्ट्रीय सार्वभौमत्व

शांतिसेना : लढाई थांबल्यावर किंवा तहाची बोलणी चालू असताना, संबंधित राष्ट्रांच्या संमतीने त्यांच्या भूमीवर ठेवले जाणारे बहुराष्ट्रीय लष्करी, पोलीस व मुलकी दल. आज अशी दले मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने उभी राहतात. १९४८ पासून सत्तरहून अधिक मोहिमा झाल्या आणि त्यांत चार हजारांवर शांतिसैनिक मृत्युमुखी पडले. या दलांची रचना, निळी शिरस्त्राणे, पगारभत्ते यांची माहिती सर्वत्र मिळते. म्हणून या नोंदीत त्यांच्या मर्यादा आणि त्या मर्यादांचा सार्वभौमत्वाशी असलेला संबंध एवढाच विषय घेतला आहे.

संज्ञा : मराठीत ‘शांतिसेना’ हा शब्द तीन अर्थांनी रुळला आहे. पहिला अर्थ गांधी-विनोबा परंपरेतला. दंगलीच्या वेळी दोन जमावांच्या मध्ये निःशस्त्र उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांची ही सेना विनोबांनी १९५७ मध्ये केरळात स्थापन केली, मात्र कल्पना गांधीजींची व बरीच आधीची. नागपूर-वर्धा पट्ट्यातील जुन्या सर्वोदयी मंडळींना शब्द उच्चारताच हाच अर्थ आठवतो. दुसरा अर्थ १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्याचा. ते दल दोन देशांमधील कराराने गेले होते, संयुक्त राष्ट्रांशी त्याचा संबंध नव्हता. वृत्तपत्रांतून ही गल्लत अजून होते. तिसरा अर्थ प्रस्तुत नोंदीचा. शब्द म्हणून पहिला अर्थ बहुधा सर्वांत जुना असावा.

‘सार्वभौम’ या शब्दाचा प्रवास अधिक लक्षणीय आहे. पाणिनीने ‘सर्वभूमी’ या शब्दापासून ‘तिचा ईश्वर’ या अर्थी तो साधला आहे (अष्टाध्यायी ५.१.४१–४२). म्हणजे मुळात सार्वभौम तो, ज्याची सत्ता स्वतःच्या मुलखापुरती न राहता सर्व पृथ्वीवर चालते, थोडक्यात चक्रवर्ती. इंग्रजी अमदानीत संस्थानांवर हुकमत असलेल्या ब्रिटिश सत्तेला ‘सार्वभौम सत्ता’ म्हणत आणि संस्थानिक तिचे मांडलिक ठरत. म्हणजे आपल्याकडे काही पिढ्या सार्वभौम हा शब्द परक्या सत्तेचे विशेषण होता. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत तो आला तेव्हा अर्थ पुरता पालटला होता: दुसऱ्यावर सत्ता गाजवणारा तो सार्वभौम, हा अर्थ मागे पडून ज्याच्यावर दुसऱ्याची सत्ता चालत नाही तो सार्वभौम, हा अर्थ रूढ झाला. पुढील सर्व विवेचनात हाच अर्थ धरला आहे.

उगम : पहिली शांतिसेना कोणती, यावर तीन मते आहेत. संयुक्त राष्ट्रे स्वतः मे १९४८ पासून गणना करतात. त्या महिन्यात पॅलेस्टाईनमधील युद्धबंदीवर देखरेख ठेवण्यासाठी निरीक्षक नेमण्याचा निर्णय झाला. परंतु हे निरीक्षक निःशस्त्र होते व संख्येने थोडे होते, त्यांना सेना म्हणणे कठीण आहे. दुसरे मत संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळात जाते. १९३४–३५ मध्ये जर्मनी-फ्रान्स सीमेवरील सार प्रदेशातील सार्वमतासाठी ब्रिटन, इटली, स्वीडन व नेदरलँड्स यांचे सुमारे ३,३०० सैनिक पाठवले गेले, सार्वमत शांतपणे पार पडले आणि ते परत गेले. तिसरे मत सुएझ प्रसंगी, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला तेव्हा, उभ्या राहिलेल्या आणीबाणी दलाला पहिला मान देते. ब्रिटन व फ्रान्स यांच्या नकाराधिकारामुळे सुरक्षा परिषद खुंटली, तेव्हा नोव्हेंबर १९५६ मध्ये आमसभेने हे सशस्त्र दल उभारले. कल्पना मांडणारे कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांना १९५७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. यजमान राष्ट्राची संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षणापुरताच शस्त्रवापर ही तीन तत्त्वे तेथेच एकत्र आली, म्हणून हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोरियन युद्ध थांबल्यावर तेथे गेलेले भारतीय रक्षक दल (१९५३–५४) बहुतेक गणनांतून वगळले जाते, कारण ते संयुक्त राष्ट्रांचे नव्हते. ते जनरल थिमय्या अध्यक्ष असलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे होते. पण आपल्या विषयासाठी त्याचा दाखला मोलाचा आहे. मायदेशी परतण्यास नकार देणारे साडेबावीस हजारांवर चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी या दलाच्या ताब्यात आले. दलप्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, अशी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांची भूमिका होती. त्यामुळे इंचॉनच्या समुद्रात जहाजांवरूनच हेलिकॉप्टरने सैनिकांना उचलून निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे तळ पडला, त्याचे नाव ‘हिंद नगर’. आयोगाची मुदत संपली तरी बहुतेक कैद्यांचा प्रश्न सुटला नव्हता. जानेवारी १९५४ मध्ये ते ज्यांच्याकडून आले त्या संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी कमांडकडेच परत सोपवण्यात आले. दलाने शिस्त राखली, माणुसकी राखली. निर्णय मात्र त्याच्या हातात नव्हता.

सनद : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘शांतिसेना’ हा शब्दच नाही. सहावे प्रकरण वाटाघाटींचे आणि सातवे सक्तीचे. ही दले ‘साडेसहाव्या प्रकरणा’त बसतात, असे सरचिटणीस डाग हामारशोल्ड यांचे म्हणून सांगितले जाते. कलम २(७) राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेपास मनाई करते. सातव्या प्रकरणाखालील उपाय त्याला अपवाद. कलम ४३ प्रमाणे सदस्य राष्ट्रांनी करार करून परिषदेला सैन्य द्यायचे होते. असा एकही करार आजवर झालेला नाही. त्यामुळे परिषदेजवळ स्वतःचा एक शिपाईही नाही, प्रत्येक मोहिमेसाठी राष्ट्रांकडे हात पसरावा लागतो.

नागपूरचा दाखला : परक्या फौजेला आपल्या मुलखात जागा देणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सनदेच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कळले होते. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कंपनीची तैनाती फौज हयातभर टाळली. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते. त्यांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबांनी मे १८१६ च्या अखेरीस तैनाती फौजेचा तह केला. फौज राज्याच्या रक्षणासाठी, खर्च राज्याच्या तिजोरीतून. दीड वर्षात आप्पासाहेबांना हे ओझे झुगारावेसे वाटले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली, कंपनीची सरशी झाली, पुढच्या वर्षी आप्पासाहेब पदच्युत झाले. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. लढाईतील सैन्यसंख्येविषयीचे आकडे बहुतांशी इंग्रजी कागदपत्रांवर आधारलेले असल्याने येथे दिलेले नाहीत.

तैनाती फौज आणि शांतिसेना एकच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनी मुलूख गिळायला आली होती. शांतिसैनिक दुसऱ्याच्या लेकरांसाठी जीव देतात. पण दोन्हींना एकच कसोटी लावता येते: यजमानाने ‘आता निघा’ म्हटल्यावर फौज निघते का? आणि मुळात संमती दिली कोणी? १८१६ च्या तहावर मान्यता होती ती राजाची नव्हे, कारभाऱ्याची. आजही ज्या सरकारची सत्ता राजधानीबाहेर चालत नाही, त्याची संमती म्हणजे देशाची संमती समजली जाते.

सीताबर्डीचा किल्ला आज भारतीय सैन्याच्या ताब्यात असून प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन अशा मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी लहान मुलांना खांद्यावर घेऊन चढ चढणारी कुटुंबे दिसतात. कामठीच्या छावणीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे. जागा त्याच आहेत, पण तिथल्या फौजेला आता या देशाचे संविधान हुकूम देते. सार्वभौमत्व म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

संमती आणि माघार : मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी आणीबाणी दल हटवण्यास सांगितले. सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मान्य केले. दलाचे प्रमुख भारतीय मेजर जनरल इंदरजित रिखी होते. माघार पूर्ण होण्याआधीच ५ जूनला युद्ध पेटले आणि गाझात भारतीय सैनिक मारले गेले. ऊ थांट यांच्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु इस्रायलने हे दल आपल्या बाजूला कधीच येऊ दिले नव्हते, आणि भारत व युगोस्लाव्हिया यांनीही यजमानाच्या इच्छेविरुद्ध राहण्यास नकार दिला होता. ऊ थांट यांचा निर्णय कायद्याने बरोबर होता, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. पाहुण्याला निघायला सांगता आले, हे इजिप्तचे सार्वभौमत्व. पाहुणा गेल्यावर युद्ध आले, ही शांतिसेनेची मर्यादा. एरिट्रियाने इंधन रोखल्याने तेथील मोहीम २००८ मध्ये आटोपली. मालीने जून २०२३ मध्ये दल हटवण्यास सांगितले आणि वर्षाअखेर मोहीम संपली.

रक्षणाचे आश्वासन : सर्वांत जड प्रकरणे रवांडा आणि बोस्नियातील स्रेब्रेनित्सा ही आहेत. एप्रिल १९९४ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमने आपले दल काढून घेतले, आणि तुत्सी जमातीची कत्तल ऐन भरात असताना परिषदेने २१ एप्रिलला मोहीम २७० माणसांवर आणली. सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. स्रेब्रेनित्सा १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर झाले. बोस्नियातील अशा क्षेत्रांसाठी ३४,००० सैनिक लागतील असे सांगण्यात आले होते. मंजूर झाले ७,६००. जुलै १९९५ मध्ये शहर बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडले आणि आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे ठार केले गेले. ‘सुरक्षित’ या शब्दावर विसंबून लोक तेथे थांबले होते. ज्या सत्तेला त्या लोकांपुढे उत्तर द्यावे लागत नाही, तिने दिलेले अभय किती पुरते, ते येथे दिसले. तेथे तैनात शांतिसैनिक नेदरलँड्सचे होते; त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे आपल्याच राज्याला सुमारे ३५० जणांच्या बाबतीत अंशतः जबाबदार धरले. उत्तरदायित्व ठरले ते एका राष्ट्राच्या न्यायालयात, न्यूयॉर्कमध्ये नाही. हैतीत २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या छावणीतून पटकी पसरली, तेव्हा पीडितांचे दावे संयुक्त राष्ट्रांना असलेल्या कायदेशीर संरक्षणापुढे अडले. माफी मागितली गेली ती २०१६ मध्ये.

सार्वभौमत्वाच्या आड राज्यकर्ते आपल्याच प्रजेचा जीव घेतात, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळता येत नाही. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने ‘संरक्षणाची जबाबदारी’ (राज्य आपल्या प्रजेचे रक्षण करत नसेल तर जगाने पुढे यावे) हे तत्त्व त्यासाठीच स्वीकारले. पण २०११ मध्ये लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी मंजूर झालेला ठराव सत्तांतरापर्यंत ताणला गेला. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला होता.

भारताची भूमिका : भारताने आजवर पन्नासच्या आसपास मोहिमांत २,९०,००० च्या घरात माणसे पाठवली, पावणेदोनशेच्या वर गमावली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोत धारातीर्थी पडले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेतील शौर्यासाठी परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. एवढे करूनही सुरक्षा परिषदेचे कायम सदस्यत्व नाही. सनदेचे कलम ४४ सांगते की सैन्य देणाऱ्या राष्ट्राला त्याच्या सैन्याच्या वापराच्या निर्णयात सहभागी करावे. भारत या कलमाचा आग्रह वर्षानुवर्षे धरत आला आहे, आणि तो न्याय्य आहे. सिएरा लिओनमध्ये २००० साली वेढ्यात अडकलेले भारतीय सैनिक जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने सोडवावे लागले, त्यानंतर भारताने तेथून आपले दल काढून घेतले.

काश्मीरमधील संयुक्त राष्ट्रांचा निरीक्षक गट जानेवारी १९४९ पासून आहे. १९७२ च्या सिमला करारानंतर त्याचे काम उरले नाही, ही भारताची भूमिका. तेव्हापासून भारत त्याच्याकडे तक्रार नेत नाही. पाकिस्तान नेतो. गट कायम आहे, कारण तो बंद करण्याचा अधिकार परिषदेकडे आहे.

सद्यःस्थिती : लेबाननमधील दल १९७८ पासून आहे. ऑगस्ट २०२५ च्या ठरावाने त्याला ३१ डिसेंबर २०२६ ही शेवटची मुदत देण्यात आली. काँगोत शांतिसैनिक हजर असताना गोमा शहर नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या हाती गेले.