लोड गाडीला घाटात ४० ची मर्यादा का?

‘ब्रेक निकामी झाल्याने कंटेनर वाहनांवर आदळला.’ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांच्या बातम्यांत हे वाक्य इतक्यांदा येतं, की ब्रेक निकामी होणं हा नशिबाचा भाग वाटू लागतो. तो नशिबाचा भाग नाही. ब्रेक कधी दगा देणार, याचा हिशेब मांडता येतो आणि जड वाहनांची वेगमर्यादा त्याच हिशेबातून येते.

समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, मालवाहू गाडीला ८० ची. गाडी जड, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं, असं याचं कारण सर्रास सांगितलं जातं. पण शाळेतलं गणित वेगळं सांगतं. वस्तुमान दुप्पट झालं की गतिज ऊर्जा दुप्पट होते, तसं टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षणही दुप्पट होतं. समीकरणातून वस्तुमान उडून जातं. ट्रकच्या टायरचं रबर जास्त टणक असतं आणि एअर ब्रेकमध्ये हवा चाकापर्यंत पोचायला क्षणभर लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात ट्रक उशिरा थांबतो हे खरं. तरी वजनाचा खरा फटका बसतो तो ब्रेकला, आणि तोही घाटात.

बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची साधारण ५०० मीटरने कमी होते. ४० टनांच्या गाडीची तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा जवळपास २० कोटी ज्यूल भरते. हीच गाडी सपाटीवर ८० च्या वेगात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ कोटी ज्यूल असते. म्हणजे एकदा घाट उतरणं हे ८० च्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकं आहे. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जायला हवी.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. घाट सावकाश उतरलात म्हणून ही ऊर्जा कमी होत नाही. २० कोटी ज्यूल दोन्हीकडे तेवढेच, फक्त ते खपवायला मिळणारा वेळ बदलतो. मोरीत बादलीभर पाणी हळूहळू ओतलं तर निचरून जातं, एकदम ओतलं तर तुंबतं, तसंच हे. उताराचा रस्ता १० किलोमीटर धरू. ८० च्या वेगाने तो साडेसात मिनिटांत संपतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४० किलोज्यूल, अर्थात ४४० किलोवॅट. ४० च्या वेगाने पंधरा मिनिटं, २२० किलोवॅट. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला ओढून धरतं. त्याचा वाटा १०० किलोवॅट मानू. ब्रेकवर उरतात एकीकडे ३४० आणि दुसरीकडे १२०. वेग दुप्पट, पण ब्रेकवरचा भार जवळजवळ तिप्पट! टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध हिशेबात घेतला तरी हे गुणोत्तर फारसं बदलत नाही.

बोरघाटात उतरणाऱ्या अवजड वाहनांना ४० ची मर्यादा घातली गेली तेव्हा वाहतूकदारांनी ती जाचक असल्याची तक्रार केली. ई-चलनाचा भुर्दंड त्यांना बसतो, हे मान्य. पण उतरणीपुरता तो आकडा या गणिताशी प्रामाणिक आहे.

भार झेपेनासा झाला की ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, तापून फुगतो आणि आतून त्याच्यावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेक शूजपासून लांब सरकतो. शूजवरच्या घर्षणपट्टीची, म्हणजे लायनरची, पकड सुटत जाते. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा पेडल दाबतो, त्यात टाकीतली हवाही संपत येते. यात काहीही तुटलेलं नसतं. तासाभराने ड्रम गार झाला की तेच ब्रेक पुन्हा लागू शकतात.

२०२३ साली समृद्धीवर अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला. शोक मी समजू शकतो, पण तापलेल्या लायनरला यंत्र थंड करत नाही. ‘ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर’ हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला करतो.

आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं? त्यात इंजिनाचे ते १०० किलोवॅट शून्य होतात, म्हणजे वेगमर्यादा पाळूनही पूर्ण २२० चा भार ब्रेकवर पडतो. शिवाय आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहतं.