सोसायटीतल्या झाडाची छाटणी: अर्ज नेमका कुठे अडतो

झाड आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं, मग दोन फांद्या उतरवायला परवानगी कशाला? ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत हा प्रश्न दर पावसाळ्याआधी निघतो. उत्तर 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यात आहे. त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दातच जाळणे, कापणे आणि कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सगळं येतं. म्हणून छाटणीलाही परवानगी घ्यावीच लागते.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे करायचा. सोबत झाडाचे फोटो आणि मालमत्ता कराचं बिल जोडायचं. इथवर सोपं आहे.

अडतं ते अर्जदाराच्या नावावर. तळमजल्यावरचे काका स्वतःच्या नावाने अर्ज देतात, कारण फांदी त्यांच्याच खिडकीवर आपटते. पण झाड सोसायटीच्या जागेत असतं. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिव किंवा अध्यक्षांच्या सहीने हवा आणि सोबत कमिटीचा ठराव हवा. हा ठराव बहुतेकांकडे नसतो. आमचा अर्ज याच एका कागदासाठी परत आला होता. पहिल्याच दिवशी खिडकीवर कुणी सांगितलं असतं, तर तीन आठवडे वाचले असते. वयस्कर माणसांना अशा फेऱ्या मारायला लावणं बरं नाही. तेव्हा ठराव आधीच करून ठेवा. खोड शेजारच्या प्लॉटमध्ये असेल तर अर्ज शेजाऱ्यांनी करायचा. झाड फुटपाथवरचं असेल तर ते पालिकेचं, तिथे फक्त तक्रार द्यायची.

दुसरी चूक शब्दांची. ‘झाड काढून टाकावे’ असं लिहिलंत की प्रकरण वृक्षतोडीत जातं. मग जाहीर नोटीस, हरकती, बदल्यात नवी झाडं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तुम्हाला फक्त छाटणी हवी असेल तर तसंच लिहा: झाडाचं नाव, कुठल्या बाजूच्या किती फांद्या, धोका कशाला. ‘पानांचा कचरा होतो’ हे कारण लिहू नका, त्याने अर्ज कमकुवत होतो.

आणि कृपा करून हे लक्षात ठेवा: शिक्का मारलेली पोच म्हणजे परवानगी नव्हे. पोच हातात आली म्हणून लगेच माळी बोलावणारे मी पाहिले आहेत. पाहणी होऊन लेखी पत्र येईपर्यंत थांबा आणि पत्रातल्या अटी नि मुदत नीट वाचा. मे महिन्यात सगळ्यांचीच घाई असते, म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाका.

छाटणीच्या दिवशी आधी घरटी बघा. अंडी किंवा पिल्लं दिसली तर ती फांदी तशीच राहू द्या. फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय माळ्याला वर चढू देऊ नका.