ताशी साठला थरथरणारी जीप आणि रॉबर्ट हूक

जुनी जीप बाळगणाऱ्याला फुकट सल्ल्यांची ददात नसते. गाडी पन्नास-साठच्या वेगाला थरथरते, एवढंच चारचौघांत बोलून बघा. तिघं म्हणतील, व्हील बॅलन्सिंग करून घे. चौथा म्हणेल, विकून टाक. बॅलन्सिंगचं यंत्र आता तालुक्याच्या गावातल्या टायरवाल्याकडेही असतं, त्यामुळे रोग कुठलाही असो, औषध तेच. पैसे जातात, रिमला वजनाचे तुकडे लागतात आणि गाडी साठला थरथरायची ती थरथरतेच.

खरं तर कुठला भाग बिघडलाय ते थरथरच सांगत असते. ती सेकंदाला किती वेळा होते तेवढं मोजायचं.

विलीस जीपचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपा त्याच कुळातल्या. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला त्या जुळवल्या जाऊ लागल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच सांगाड्यावर नवनवी इंजिनं चढत गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीला 6.00-16 मापाचे टायर असत. चाकाचा एक फेरा झाला की गाडी साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे 444 फेरे, सेकंदाला सात-साडेसात. मागच्या एक्सलच्या हाउसिंगमध्ये क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची गती चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी असते; तिचं गुणोत्तर 4.88. चाक एकदा फिरतं तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडची गती मागच्या एक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा, जवळजवळ पाचदा फिरतो, सेकंदाला 36 वेळा.

आता हिशेब सोपा आहे. दोष टायरमध्ये असेल तर धक्के सेकंदाला सात. शाफ्टला पोचा आला असेल किंवा त्याचं वजन एका बाजूला जास्त असेल तर 36. आणि 72 आले, तर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले क्रॉस बघायचे. तुमच्या गाडीचे टायर आणि गुणोत्तर वेगळं असेल, आकडे बदलतील, रीत तीच. मोजायला यंत्र खिशातच असतं. फोनमध्ये त्वरणमापक असतो, आणि जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठात तयार झालेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याच्या नोंदींवरून कंपनांचा वर्णपट, म्हणजे सेकंदाला किती वेळा होणारं कंपन किती जोराचं याचा आलेख, काढून देतं. फोन सीटखालच्या पत्र्याला चिकटपट्टीने घट्ट बांधायचा, बरोबर एक माणूस घ्यायचा आणि मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी चालवायची. फोन सेकंदाला दोनशे नोंदी घेत असेल तर शंभरपर्यंतची कंपनं त्यात सापडतात, आपल्याला तेवढी पुरतात. अर्थात सवयीच्या माणसाला फोनही लागत नाही. सातची थरथर स्टिअरिंगमध्ये आणि गालात जाणवते, बहात्तरची घुमघुम होऊन कानात शिरते.

पण शाफ्ट फिरतो 36 वेळा, मग धक्के 72 कुठून येतात? मला या साऱ्या लोखंडात सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

प्रोपेलर शाफ्ट एका सरळ रेषेत नसतो. मागचा एक्सल कमानपाट्यांवर सतत खालीवर होतो, ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, मात्र चेसीला बांधलेली. म्हणून दोन्ही टोकांना वळता सांधा हवा. दोन दुबोटी काटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा पोलादी क्रॉस, एवढाच तो सांधा. हा सांधा कोनात वाकलेला असेल तर एक गंमत होते: आत येणारा शाफ्ट अगदी एकसारख्या गतीने फिरत असला, तरी बाहेर जाणारा एकाच फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

पटत नसेल तर भिंतीवरचं घड्याळ समोरून न बघता अगदी बाजूला उभं राहून बघा. गोल तबकडी उभट दिसते. सरकता सेकंद काटा तर एकसारखाच फिरतोय, पण तिरक्या नजरेला तो 12 आणि 6 जवळ हळू, 3 आणि 9 जवळ झरकन फिरल्यासारखा वाटतो. एका फेऱ्यात दोनदा हळू, दोनदा जलद. क्रॉसमध्ये नेमकी हीच भूमिती आहे. सांध्याचा एक काटा आपल्या वर्तुळात फिरतो आणि दुसरा त्या वर्तुळाकडे तिरकं बघतो. सांध्याचा कोन 10 अंश असेल तर गती दीड टक्का वरखाली होते, 20 अंशांना सहा टक्के, 30 अंशांना तेरा ते पंधरा टक्के. त्रिकोणमिती आठवत असेल त्यांच्यासाठी: कमीत कमी गती कोनाच्या कोसाइनइतकी, जास्तीत जास्त त्याच्या व्यस्ताइतकी.

हे ओळखलं रॉबर्ट हूकने. होय, शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटला तोच. 1676 साली छापलेल्या आपल्या पुस्तिकेत त्याने या सांध्याचं वर्णन केलं आणि त्याच पुस्तिकेत स्प्रिंगचा नियम अक्षरांची अदलाबदल करून कोड्यासारखा दडवून ठेवला, दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये म्हणून. उत्तर त्याने 1678 मध्ये जाहीर केलं. म्हणजे जीपखाली उताणे झोपून वर बघितलं, तर पाट्यांमध्ये हूकचा एक शोध आणि शाफ्टमध्ये दुसरा. हूकला त्यात गाडी दिसत नव्हती, त्याचं लक्ष सूर्यघड्याळावर होतं. आडव्या सूर्यघड्याळाच्या तासरेषा सारख्या अंतरावर नसतात, आणि त्या ज्या सूत्राने काढतात तेच सूत्र या सांध्याचं. लंडनच्या अक्षांशावरचं सूर्यघड्याळ म्हणजे साडेअडतीस अंशांत वाकलेला क्रॉस! गाड्यांसाठी हा सांधा झाकून, वंगणात ठेवून वापरण्याचं पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरला 1903 मध्ये मिळालं. त्याचं नाव आजही क्रॉसच्या खोक्यांवर असतं.

एका सांध्याने गती बिघडवली तर दुसरा ती दुरुस्त करू शकतो. त्यासाठी अटी दोन. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. मग पुढचा क्रॉस जेवढं पुढे ढकलतो तेवढं मागचा मागे ओढतो आणि पिनियनला एकसारखी गती मिळते. घरी काम करताना पहिली अट मोडते ती अशी: शाफ्टच्या मध्ये लांबी कमी-जास्त होण्यासाठी खाचांचा सरकता जोड असतो. तो उपसून काढला आणि खूण न करता परत बसवला, तर दातांची जागा चुकते. काटे एकमेकांशी काटकोनात आले तर चूक कटायची सोडून दुप्पट होते. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने किंवा रंगाने एकाच रेषेत खूण. काही शाफ्टवर बाणांच्या खुणा कोरलेल्याच असतात, पण चिखलाखाली त्या दिसतात कुणाला?

दुसरी अट मोडते हौसेने. गाडी उंच दिसावी म्हणून पाटे वाढवायचे, पाट्याचं टोक चेसीला जोडणारे शॅकल लांब करायचे, की व्हिडिओत ती ‘राक्षस’ होते. समजा, शाफ्टचे दोन्ही कोन 9 अंश होते आणि उंची वाढवल्यावर 13 झाले. वाढ फक्त चार अंशांची, पण गतीतला फरक जवळपास कोनाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पट. दोन्ही कोन सारखे राहिले तर पिनियन सुखात असतं, पण मधला जड शाफ्ट सेकंदाला 72 वेळा पुढेमागे हिसकत राहतोच. त्यात शॅकलमुळे एक्सल जरासा फिरून मागचा कोन 10 झाला, तर उरलेली चूक तीन अंशांची नसते. 13 आणि 10 यांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की 8.3 येतात, म्हणजे 8.3 अंशांच्या एकट्या सांध्याएवढी चूक. पाटे आणि एक्सल यांच्यात योग्य कोनाची पाचर घालून हे सुधारता येतं. कोन मोजायला फोनमधली पाणसळ चालते, गाडी मात्र सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलली की एक्सल लोंबकळतो आणि कोनच बदलतात.

आता या शोधातली खरी मेख. जुन्या जीपमध्ये टॉप गिअर बहुधा सरळ असतो, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे इंजिनाचे धक्केही सेकंदाला 72! फोनवरच्या आलेखात 72 ला दिसणारा खांब क्रॉसचा, की इंजिन चेसीवर धरणाऱ्या ढिल्या माउंटिंगचा? वेग तोच ठेवून एक गिअर खाली टाका. इंजिनाचा आकडा वर सरकेल, क्रॉसचा 72 वरच राहील. बॅलन्सिंगवाल्याच्या यंत्रावर चाक एकटं फिरतं, तिथे हे कधीच उघड होणार नाही.

क्रॉसच खराब ठरला तर काम घरी होण्यासारखं आहे, फक्त एक गोष्ट आधी. विलीस घराण्यातल्या जुन्या जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट सोडला की त्या ब्रेकचा आणि मागच्या चाकांचा संबंध संपला, उतारावर गाडी अंगावर येईल. शाफ्ट जागेवर असतानाही मागचं एकच चाक जॅकने उचललं तर तेच. शाफ्ट अडवलेला असला तरी हवेतलं चाक उलटं फिरतं आणि डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी चक्रं, जमिनीवरच्या चाकाला खुशाल सरकू देतं. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधायची असेल तर बांधा, पण ती गाडी अडवून धरत नाही.

क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या आणि प्रत्येकीत बारीक सुयांसारखे रोलर. लॉक काढून वाटी शिकंज्यात दाबून बाहेर काढली की रोग दिसतो. सुया कोरड्या पडून लाल भुकटी झालेली असेल तर पाणी शिरलंय. ओढ्यातून गाडी काढल्यावर ग्रीस न भरल्याचा हा परिणाम. क्रॉसच्या गुळगुळीत पायावर सुयांच्या रांगेचे वळ उठलेले असतील तर दाब एकाच जागी पडत राहिलाय. गंमत म्हणजे अगदी शून्य कोनात चालणाऱ्या सांध्यालाही हे वळ पडतात. कोन नसेल तर सुया जागच्या हलत नाहीत, वंगण फिरत नाही आणि त्या तिथेच ठोकल्या जातात. एखाद-दुसरा अंश हवाच. नव्या क्रॉसला ग्रीस गनने भरताना चारही वाट्यांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं. तीनच बाजूंनी आलं तर चौथी वाटी कोरडी आहे. दसऱ्याला पान्यांवर झेंडू वाहतो त्याच दिवशी हे उरकलं तर तारीखही लक्षात राहते, मात्र पावसाळ्यात गाडी पाण्यात जात असेल तर दसऱ्याची वाट बघू नका.

पुढच्या चाकांचं तेवढं वेगळं. फोर बाय फोर टाकून, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देऊन, स्टिअरिंग पुरतं वळवलं की अनेक जुन्या जीपा हातात हिसके देतात, चाकाच्या एका फेऱ्याला दोन. तिथे वळणाच्या जागी एकच क्रॉस असतो, चूक कटायला दुसरा जोडीदार नाही, आणि कोन तीस अंशांच्या आसपास जातो. अल्फ्रेड रझेप्पाने 1920च्या दशकात गोळ्यांचा एकसमान गतीचा सांधा काढला तो यावरचाच उपाय. काही विलीस एमबींमध्ये तो बसवलेलाही होता. तुमच्या एक्सलमध्ये क्रॉस असेल तर कोरड्या डांबरावर फोर बाय फोर काढून ठेवा. शेतात-चिखलात वळताना हातात येणारे ते दोन हिसके बिघाड नाहीत, त्यासाठी कुणी एक्सल खोलायला सांगितला तर खोलू नका.